दिव्यांग मुलाचं शिक्षण जवळच्याच सरकारी शाळेत : सोलापूर जिल्ह्यातल्या पालकांसाठी कामाचा क्रम

पालकांचं चुकतं ते बहुधा क्रमात. मुख्याध्यापकांशी तोंडी बोलण्यात महिने जातात, मग वैतागून थेट जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात उभं राहायचं आणि "शाळेला दिलेला अर्ज कुठंय?" या एका प्रश्नावर परत फिरायचं. दुसरी चूक मागणीत असते. "सर, आमच्या पोराकडं जरा लक्ष द्या" ही मागणी नव्हे. त्यावर कुणीही मान डोलावतो आणि विसरून जातो. "पहिल्या बाकावर जागा, मोठ्या अक्षरांची पाठ्यपुस्तकं आणि परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ" असं लिहून दिलं, की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. खालचा सगळा क्रम हे उत्तर लेखी मिळवण्यासाठी आहे.

टप्पा १ : कायद्यातलं नेमकं लागतं तेवढंच पाठ करा

वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ : शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत त्याला वापरता येईल अशी करायची आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवायच्या. कलम १७ : शिक्षकांचं प्रशिक्षण, अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल, लेखनिक, जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. लक्षणीय दिव्यांगत्व असेल तर १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत. कलम ३१ : लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. यातली कोणती शाळा, ही निवड मुलाच्या बाजूनं व्हायची आहे, शाळेच्या नव्हे.

लक्षणीय म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त. इथंच मोठा गैरसमज आहे. ४० टक्क्यांची अट कलम ३१ ला आणि मोफत साधनांना आहे, कलम १६ ला नाही. मुलाच्या प्रमाणपत्रावर ३० टक्के लिहिलं असलं, तरी खालच्या मजल्यावरचा वर्ग, बसण्याची जागा, लिहिण्यातली सवलत हे मागण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो. "चाळीसच्या खाली आहे, काही करता येत नाही" हे उत्तर आलं तर तेवढंच लेखी द्या म्हणावं.

शिक्षण हक्क कायद्याची (२००९) दोन कलमं जोडीला ठेवा. कलम १४ प्रमाणे जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडं (म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडं) तक्रार करता येते. ते पुढं लागेल.

टप्पा २ : प्रमाणपत्र, आणि ते येईपर्यंत थांबायचं नाही

यूडीआयडीसाठी (दिव्यांग व्यक्तीचं सरकारी ओळख कार्ड) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने वैद्यकीय कागद स्कॅन करून न्या. सोलापूर शहरातली तपासणी बहुतेकांची सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात होते. करमाळा किंवा माळशिरसहून सिव्हिलला येण्यात पूर्ण दिवस जातो. म्हणून पोर्टलवर रुग्णालय निवडण्याआधी जवळ कुठलं अधिकृत रुग्णालय दिसतंय ते पाहा, आणि तुमच्या मुलाच्या अडचणीची तपासणी करणारे डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे विचारल्याशिवाय एसटीत बसू नका.

अर्ज भरताना नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच शाळेच्या दाखल्यावर आहे ना, हे अक्षर अक्षर जुळवा. बापाच्या नावात एक "एच" कमी-जास्त झाला की पुढं शाळेच्या ऑनलाइन नोंदीत, बँक खात्यात, भत्त्यात सगळीकडं अडकतं. ते दुरुस्त करण्यात एक शैक्षणिक वर्ष जातं.

बौद्धिक क्षमतेची चाचणी असेल तर भाषेचं आधी सांगा. शहराच्या पूर्व भागात विणकर घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड, कितीतरी घरांत उर्दू किंवा दखनी. घरी तेलुगू बोलणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला मराठीत प्रश्न विचारले तर त्याला उत्तर येत नसतं असं नाही, त्याला प्रश्नच कळलेला नसतो. कागदावर मात्र बुद्ध्यांक कमी लागतो आणि तो कागद दहा वर्षं पाठीशी राहतो. मुलाची भाषा येणारं माणूस सोबत न्या आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली ते अहवालात लिहायला सांगा. तसंच, मुलाची श्रवण आणि दृष्टी तपासणी त्याआधी झालेली असावी. ऐकू कमी येणारं मूल "मंद" ठरण्याचे प्रकार आजही घडतात.

वाचन-लेखनाच्या अक्षमतेचं (डिस्लेक्सिया वगैरे) प्रमाणपत्र साधारण ८ वर्षांच्या, म्हणजे तिसरीच्या आधी मिळत नाही. तोवर शिक्षकांकडून "प्रशस्त" या अ‍ॅपवरची प्राथमिक चाचणी भरून घ्या, म्हणजे शंका नोंदली जाते.

सावधान : प्रवेश आणि वर्गातल्या सोयी कार्डावर अवलंबून नाहीत. "कार्ड आलं की बघू" म्हणून मूल घरी ठेवू नका. पोर्टलवरची अर्जाची पोच आणि डॉक्टरांचा कोणताही कागद जोडून पुढचा टप्पा सुरू करा.

तपासा : प्रमाणपत्र कायम आहे की तात्पुरतं? लहान मुलांना अनेकदा मुदतीचं मिळतं. मुदत संपण्याच्या चार महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

टप्पा ३ : मुलाच्या शाळेतल्या एका दिवसाचा तक्ता

बहुतेक पालक हा टप्पा गाळतात, आणि त्यामुळं त्यांची मागणी पोकळ राहते. अर्ज लिहिण्याआधी मूल शाळेत पाऊल टाकल्यापासून घरी येईपर्यंत कुठं कुठं अडतं, ते घड्याळाप्रमाणे लिहून काढा. दोन दिवस शाळेत जाऊन बघा, मुलाला विचारा, त्याच्या बाकावरच्या मित्राला विचारा. मित्र सगळ्यात खरं सांगतो.

उदाहरण म्हणून तिसरीतला, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं स्नायूंवर ताबा कमी असणं) असलेला, उजवा हात ताठर असलेला मुलगा घेऊ. परिपाठाला पंधरा मिनिटं उभं राहता येत नाही, म्हणून भिंतीला टेकतो आणि बोलणी खातो. सोय : खुर्ची. फळ्यावरच्या दहा ओळी उतरवायला लागल्या की तिसऱ्या ओळीपर्यंत फळा पुसला जातो. सोय : तीन ओळी लिहिणं, बाकीचं तोंडी, रुंद ओळींची वही, पेन्सिलीला सुतळी गुंडाळून जाड केलेली पकड. मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या रांगेत ताट एका हातात धरता येत नाही, खिचडी सांडते, पोरं हसतात. दुसऱ्या दिवसापासून तो "भूक नाही" म्हणून वर्गातच बसतो, आणि घरी कुणाला पत्ता नसतो. सोय : ताट जागेवर मिळणं. स्वच्छतागृह मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कडी उंच. म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही, सोलापूरच्या मार्च-एप्रिलमध्येसुद्धा. सोय : खालची कडी, भिंतीला पकडदांडा, आणि सुट्टीच्या पाच मिनिटं आधी जाण्याची परवानगी.

बघा, यातल्या एकाही गोष्टीला निविदा लागत नाही. तक्त्यात तीन रकाने करा : वेळ, अडचण, सोय. सोयीपुढं "आजपासून होण्यासारखी" आणि "निधी लागणारी" अशी खूण करा. पहिल्या प्रकारच्या आधी मागा. पाच साध्या गोष्टींना हो म्हटलेली शाळा सहाव्या अवघड गोष्टीला सहसा तुमच्या बाजूनं उभी राहते.

टप्पा ४ : शाळेला अर्ज

अर्ज एका पानात बसला पाहिजे. मुलाच्या जन्माची कहाणी, किती दवाखाने केले, किती खर्च झाला, हे इथं नको. नमुना :

प्रति, मा. मुख्याध्यापक, (शाळेचं पूर्ण नाव आणि यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक)
विषय : इयत्ता ___ मधील दिव्यांग विद्यार्थ्यास वाजवी सोयी उपलब्ध करून देणेबाबत.
संदर्भ : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ व १७.
महोदय, माझा मुलगा / माझी मुलगी ___ आपल्या शाळेत इयत्ता ___ मध्ये शिकत आहे. त्यास / तिला ___ ही अडचण आहे. प्रमाणपत्राची / अर्जाच्या पोचेची प्रत जोडली आहे. शिक्षणासाठी खालील सोयी आवश्यक आहेत : १) … २) … ३) … तरी प्रत्येक सोयीबाबत शाळेचा निर्णय १५ दिवसांत लेखी कळवावा, तसेच वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करण्यासाठी वर्गशिक्षक व विशेष शिक्षक यांच्यासह बैठकीची तारीख द्यावी, ही विनंती.

१५ दिवस ही तुमची विनंती आहे, कायद्यातली मुदत नव्हे. पण तारीख लिहिल्यानं पाठपुराव्याचा दिवस ठरतो. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणजे या एका मुलानं काय शिकायचं आणि त्यासाठी कुणी काय करायचं, याचा लेखी कागद. तो टप्पा ६ मध्ये येतो.

दोन प्रती न्या. एक शाळेला, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का. "ठेवून जा, मी बघतो" याला पोच म्हणत नाहीत. सही द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका. त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती फाइलला लावा.

सावधान : प्रवेशाच्या वेळी "मुलाला काही झाल्यास शाळा जबाबदार नाही" असं हमीपत्र मागितलं जातं. सही करू नका. "असं हमीपत्र कोणत्या आदेशानुसार लागतं ते लेखी द्या" एवढंच शांतपणे म्हणा. दुसरा कागद त्याहून फसवा असतो : गृहाधारित शिक्षणाला संमती. बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय कायद्यात आहे, पण तो त्यांचा हक्क आहे. वर्गात अडचण होते म्हणून मूल घरी पाठवण्याची ती वाट नव्हे. त्या एका सहीनं मूल पटावर राहतं आणि वर्गातून जातं.

टप्पा ५ : यू-डायस प्लसमधली नोंद

समग्र शिक्षा योजनेतला निधी, साधनं, भत्ते, मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेल पुस्तकं यांची मागणी शाळेनं यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर भरलेल्या माहितीवरून वर जाते. तिथं तुमच्या मुलासमोर विशेष गरजेचा रकाना "नाही" असेल, तर मूल वर्गात समोर बसलेलं असूनही योजनेच्या दृष्टीनं ते नाहीच. ही नोंद राहून जाण्याचं कारण वाईट हेतू क्वचितच असतो. दोनशिक्षकी शाळेत माहिती भरणारा गुरुजी गेल्या वर्षीचीच पुढं ढकलतो.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात मुख्याध्यापकांना स्क्रीनवर नोंद दाखवायला सांगा. दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी, यूडीआयडी क्रमांक बरोबर आहेत का बघा. ३० सप्टेंबर हा माहितीचा संदर्भ दिनांक मानला जातो, त्याआधी दुरुस्ती व्हायला हवी.

नोंद झाली की तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. शहरात हे काम महापालिकेच्या शिक्षण विभागाकडून चालतं. त्यांच्याकडून चार गोष्टींचं विचारा : मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, दिव्यांग मुलींचा प्रोत्साहन भत्ता (महिन्याला २०० रुपये, १० महिने) आणि साधनांसाठीचं मोजमाप शिबिर. योजनेत दर मुलामागं वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद असते, पण ती रोख हातात मिळायची रक्कम नव्हे. तिच्यावरून शाळेशी भांडण काढू नका. भत्ता मात्र खात्यात येतो, म्हणून मुलाचं खातं आधारशी जोडलेलं ठेवा.

साधन घेताना मुलाला शिबिरात बसवून बघा. मोठ्या मापाची व्हीलचेअर "पुढं वाढेल" म्हणून घेतली, की मूल एका बाजूला कलतं आणि पाठीचा कणा वाकडा व्हायला मदत होते.

ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर गाव सोडण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि त्याला प्रमाणपत्राची व सोयींच्या यादीची प्रत टाचा. कारखान्याजवळच्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागू नये.

टप्पा ६ : वैयक्तिक आराखड्याची बैठक

या बैठकीला वर्गशिक्षक हवेतच. फक्त विशेष शिक्षक आणि पालक बसले तर आराखडा कागदावर राहतो, कारण ते शिक्षक दर आठवड्यालाही येतील याची खात्री नसते. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकला १० मुलांमागं एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षात एका शिक्षकाच्या वाट्याला कितीतरी शाळा असतात. रोज शिकवणार वर्गशिक्षकच, तेव्हा त्यांना जमेल तेवढंच लिहा.

तीन किंवा चार उद्दिष्टं पुरेत. "वाचनात प्रगती करणे" हे उद्दिष्ट नव्हे. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काना-मात्रा असलेले, जोडाक्षर नसलेले दहा शब्द पाचपैकी चार वेळा न अडखळता वाचेल" हे उद्दिष्ट. प्रत्येकापुढं कोण शिकवणार, आठवड्यात किती वेळ, कोणत्या साहित्यानं आणि कधी तपासणार, हे लिहा. परीक्षेतल्या सवलती इथंच नोंदवा, पहिली-दुसरीपासून, कारण दहावीला अचानक लेखनिक दिला की मुलाला तोंडी सांगून लिहून घ्यायची सवय नसते.

शाळेचं सगळ्यात जोरकस कारण असतं : "वर्गातून उठून पळतो, मारतो, बाकीच्यांचं नुकसान होतं." यावर "आमचं लेकरू असं करतच नाही" म्हणू नका. शिक्षकांना दहा दिवस फक्त एवढं टिपायला सांगा : केव्हा घडलं, त्याआधी लगेच काय झालं, त्यानंतर काय केलं. बहुतेक वेळा नमुना दिसतो. घंटेचा कर्कश आवाज, गणिताचा सलग तास, बाकावर तिघांची दाटी. कारण कळलं की उपाय साधा असतो : घंटेआधी खूण करणं, अर्ध्या तासानं वह्या वाटायचं काम देणं, खिडकीकडची कडेची जागा.

तपासा : बैठक संपण्याआधी सगळ्यांच्या सह्या, एक प्रत तुमच्या हातात, आणि पुढच्या बैठकीची तारीख. वर्षात दोन आढावे धरा, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये.

टप्पा ७ : इमारत

मुलाचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला तर लिफ्ट मागू नका, वर्ग खाली आणायला सांगा. यात पैसा जात नाही, फक्त दोन वर्गांच्या खोल्या बदलतात.

रॅम्प असतो, पण बहुतेक ठिकाणी वापरता येत नाही. प्रमाण १ ला १२ : एक फूट चढायला बारा फूट लांबी. ओटा ४५ सेंटिमीटर म्हणजे तीन पायऱ्यांचा असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. जागा वाचवायला तो दोन-अडीच मीटरचा केला, की व्हीलचेअर मागं उलटते. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, पृष्ठभाग खरबरीत. गुळगुळीत शहाबादी नको. रॅम्प संपतो तिथं उंबरा राहिला तर सगळं वाया. टेप घेऊन स्वतः मोजा आणि मोजमाप अर्जात लिहा.

ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातून जाऊ द्या. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा तीच करते. ठराव दुसऱ्या पालकाला मांडायला सांगा. दिव्यांग मुलाच्या आईनं एकटीनं मांडला तर तो "त्यांचा प्रश्न" ठरतो. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही नातवाला सोडायला त्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

टप्पा ८ : उत्तर आलं नाही तर

एक पायरी गाळून वर जाऊ नका. वरचं कार्यालय तो कागद खालीच पाठवतं.

ग्रामीण भागात : मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक). शहरात महापालिकेच्या शाळांसाठी प्रशासनाधिकारी आणि नंतर आयुक्त. प्रत्येक वरच्या अर्जाला खालच्या अर्जाची पोच जोडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ चा उल्लेख करून तक्रार दिली, तर दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील होतं.

निधी आला की नाही, तुमच्या शाळेतल्या किती मुलांची मागणी वर गेली, हे माहिती अधिकारात विचारा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. "का दिलं नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "२०२५-२६ मध्ये या शाळेतून पाठवलेल्या मागणी यादीची छायांकित प्रत द्यावी" असं विचारा.

हक्काचाच भंग असेल, म्हणजे प्रवेश नाकारला, मूल वर्गाबाहेर बसवलं, तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार पाठवता येते. त्यांना साक्ष बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीत तारखा क्रमानं, एका ओळीत एक घटना. विशेषणं गाळा. गुरुजींवर वैयक्तिक आरोप करू नका. मूल उद्या पुन्हा त्याच वर्गात जाणार आहे.

टप्पा ९ : शाळा बदलताना

गावची शाळा चौथी-पाचवीला संपते आणि इतक्या वर्षांचं काम इथं सांडतं. नवीन शाळेला दाखला मिळतो, आराखडा मिळत नाही. दाखला काढायच्या दिवशीच आराखड्याची साक्षांकित प्रत, सवलतींची यादी आणि शेवटच्या आढाव्याचं पान मागून घ्या. नवीन शाळेनं यू-डायसमध्ये मुलाची नोंद आपल्याकडं वळवली, की विशेष गरजेचा रकाना पुन्हा एकदा स्क्रीनवर बघा. आठवीपर्यंत सवलती शाळेच्या पातळीवर चालतात. पण दहावीसाठी त्या पुणे विभागीय मंडळाकडून मंजूर व्हाव्या लागतात आणि मंडळ आधीचे पुरावे मागू शकतं. म्हणून नववीच्या सुरुवातीलाच प्रमाणपत्राची मुदत, नावाचं स्पेलिंग आणि मागच्या वर्षांत घेतलेल्या सवलतींचे कागद एका फाइलीत लावून मुख्याध्यापकांच्या समोर ठेवा, आणि त्या फाइलीच्या पोचेवरही आवक क्रमांक घ्या.